दोन खुर्च्या आणि एक मानपत्र

आजच्या या हृद्य सोहळ्याचे आणि आपल्या शिक्षणसंस्थेचेही सन्माननीय अध्यक्ष महोदय, सत्कारमूर्ती मुख्याध्यापक सर, त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनी, व्यासपीठावरचे सर्व मान्यवर, माझे सहकारी शिक्षक आणि शिक्षिका, कार्यालयातली मंडळी, वेळात वेळ काढून आलेले पालक, आणि पुढे सतरंजीवर मघापासून मांडी घालून बसलेल्या, एव्हाना पायांना मुंग्या आलेल्या माझ्या बाळांनो,

सर्वप्रथम, मला बोलण्याची संधी दिल्याबद्दल मी आयोजकांचे आभार मानणार होते. पण खरं सांगायचं तर आयोजकांनी ती दिलेली नाही. वक्त्यांमध्ये माझं नाव नव्हतंच. ही संधी मला खुद्द सत्कारमूर्तींनी दिली. परवा सर परीक्षा विभागात आले होते. परीक्षा विभाग म्हणजे जिन्याखालची ती खोली. तिथे पुरवण्यांचे गठ्ठे, सुतळीची रिळं, गोंदाची बाटली आणि मी असे आम्ही गुण्यागोविंदाने नांदतो. दार अर्धंच उघडतं, कारण मागे कपाट आहे. त्या फटीतून सरांनी डोकं आत घातलं आणि म्हणाले, "बाई, समारंभात तुम्हीही दोन शब्द बोला. आता मी चाललो. मनात काही राहायला नको."

मी म्हटलं, "सर, नाही राहणार."

घरून निघताना आमचे हे म्हणाले, "गोड बोल, चहा पी आणि घरी ये." तेवढ्यात आतून सासूबाईंचा आवाज आला, "मुळीच नको! इतकी वर्षं गिळून बसली आहे आणि तिचं पित्त भोगतोय आपण. बोलून मोकळी हो म्हणावं." सासूबाईंचं मी सहसा ऐकत नाही, हे त्या स्वतः तुम्हाला सांगतील. आज मात्र ऐकायचं ठरवलं आहे.

निरोपाच्या सभेत जाणाऱ्याचे गुणच सांगायचे असतात, वाकडं बोलायचं नसतं, हा आपल्याकडचा रिवाज आहे. सरांचा या रिवाजावर फार विश्वास. मीही तो मोडणार नाही. माझ्या आधी चित्रकलेच्या सरांनी त्यांची शिस्त सांगितली, गणिताच्या बाईंनी वक्तशीरपणा सांगितला. अगदी खरं आहे सगळं. मी फक्त एक राहिलेला गुण सांगणार आहे. सरांना वारा कुठून येतोय ते सगळ्यांच्या आधी कळतं. कळलं की त्यांना पाठ फिरवायला वेळ लागत नाही.

वहिनी, पाणी हवंय का? कुणीतरी वहिनींना पाणी द्या. माझा तुमच्यावर काही राग नाही, वहिनी. तुम्ही फार सोसलं असेल.

आत्ता निवेदक ताईंनी सुरेख आवाजात मानपत्र वाचलं. त्यातलं एक वाक्य, त्यापुढे दिलेल्या वर्षासकट, मी लक्ष देऊन ऐकलं. "इतर कोणत्याही शाळेच्या मनातही नव्हतं, तेव्हा सरांनी आपल्या शाळेत पाचवीच्या वर्गासाठी 'विचारतास' सुरू केला आणि मुलांना प्रश्न विचारायला शिकवलं." टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. वाईट काय आहे त्यात? तास चांगलाच होता. मी घेत होते.

नवीन पालकांना माहीत नसेल, म्हणून सांगते, या तासाला आम्ही काय करायचो. प्रयोगशाळेशेजारचा वर्ग, ज्याच्या पंख्याचा आवाज फार आणि वारा कमी. आम्ही बाकं भिंतीला सरकवायचो आणि खाली गोल करून बसायचो. मधे लोकरीचा गुंडा. तो ज्याच्या हातात, त्यानंच बोलायचं. पण बोलण्याआधी आपल्याआधीच्यानं काय म्हटलं ते आपल्या शब्दांत सांगायचं आणि त्याला विचारायचं, "बरोबर म्हटलं ना?" त्यानं मान हलवली, तरच पुढे. हा नियम आपल्या शिक्षकसभेला लावला, तर सभा पहिल्याच ठरावावर संध्याकाळपर्यंत अडकेल.

एकदा प्रश्न होता मोज्याचा. मोज्याची टाच फाटली, आईनं रफू केली. मग पंजा फाटला, तोही केला. मग वरची पट्टी बदलली. आता हा तोच मोजा का? मुलं हमरीतुमरीवर आली. एकानं पुराव्यादाखल स्वतःच्या पायातला मोजा काढून मधे ठेवला. त्या दिवशी चर्चा जरा लवकर आटोपावी लागली.

दुसरा खेळ उलट्या उदाहरणाचा. कुणी "सगळे", "नेहमी", "कधीच नाही" असं काही म्हटलं की बाकीच्यांनी ते मोडणारं एक उदाहरण शोधायचं. एकच पुरतं. "मोठी माणसं कधीच रडत नाहीत," असं एक मुलगा म्हणाला, तर दुसऱ्यानं त्याच्या मामाचं लग्नातलं रडणं काढलं. मामा शेजारच्याच गल्लीत राहायचा. मग मामा येऊन मला भेटून गेला.

आणि तिसरा खेळ होता दोन खुर्च्यांचा. तो नंतर सांगते. किंवा दाखवतेच.

त्या वर्गात एक मुलगी होती. मुलं तिला 'शंका' म्हणायची. सडपातळ, एक वेणी नेहमी सुटलेली, हात नेहमी वर. मला एखादं पोर वर्गात आवडतं हे मी कधी दाखवलं नाही, पण आज कबूल करायला हरकत नाही. ती मला फार आवडायची.

एके दिवशी आपले अध्यक्ष महोदय शाळा पाहायला आले. सरांनी त्यांना आमच्याच वर्गात आणलं, कारण साहेबांचा नातू आमच्या वर्गात होता. अध्यक्ष महोदय, तुम्ही मुलांशी प्रेमानं बोललात, मला आठवतं. तुम्ही म्हणालात, "या शाळेत सगळी मुलं सारखीच असतात." झालं! "सगळी." शंकाचा हात वर गेला. मी पाहिलं, सरांनीही पाहिलं, पण साहेबच म्हणाले, "हं, बोल बाळ." आणि ती उभी राहून म्हणाली, "सर, मग तुमच्या नातवाला पहिल्या बाकावर का बसवतात? तो सगळ्यांत उंच आहे. मागच्यांना फळा दिसत नाही."

अध्यक्ष महोदय, तुम्ही हसलात. नातू पण हसला. त्याला वर्गात 'खांब' म्हणायचे, आणि पोरगा स्वभावानं इतका गोड की तो लगेच दप्तर उचलून मागे जायला निघालासुद्धा. तेवढ्यावर सगळं संपलं असतं. पण तुमचं हसू जरा आखडलेलं होतं, आणि सरांना वारा कुठून येतो ते कळतं, हे मी मघाशी सांगितलंच आहे.

त्याच दुपारी शिक्षकदालनात सभा भरली. साहेब होते, आम्ही सगळे होतो. गणिताच्या बाई, तुम्ही माझ्या शेजारी होतात. खाली बघू नका, मी तुम्हाला काही विचारत नाहीये. साहेबांनी विचारलं, "हा काय प्रकार आहे? हा तास कुणाच्या परवानगीनं चालतो?" मी सरांकडे पाहिलं. कारण परवानगी सरांचीच होती. खुर्च्या मधे ठेवायच्या ही सूचना त्यांची नव्हती, पण खुर्च्या कार्यालयातून न्यायला त्यांनी स्वतः हो म्हटलं होतं. आणि सर काय म्हणाले? "साहेब, मला या तासाची गंधवार्ता नव्हती. बाईंनी परस्पर चालवलं हे सगळं." एवढं बोलून त्यांनी चहाचा कप उचलला. बशीत एक थेंबही सांडला नाही. मला त्यांच्या हाताचं अजून नवल वाटतं.

सगळे मूग गिळून बसले. मला वर्गातून काढून जिन्याखाली बसवण्यात आलं. त्याचं मी फार मनावर घेतलं असतं, तर मी आज इथे नसते. पुरवण्या बांधायलाही कुणीतरी लागतंच.

पण दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी शंकाला पुढे बोलावलं. माइकसमोर उभं केलं. माइक तिच्यापेक्षा उंच होता, तो खाली करायचंही कुणाला सुचलं नाही. सर म्हणाले, "माफी माग." ती म्हणाली, "कशाची, सर?" अगदी खरोखर विचारत होती ती. तिला कळलंच नव्हतं. सर म्हणाले, "ते तुझं तुला कळलं पाहिजे." मग तिनं मागितली. सगळ्या शाळेसमोर, मान वर करून, माइकच्या दांड्याकडे बघत. मी मागच्या रांगेत उभी होते. तेव्हापासून मला सरांचा राग आहे. राग म्हणजे अगदी राग. गेली कित्येक वर्षं रोज शाळेत येताना मी तो बरोबर घेऊन येते आणि जाताना घरी घेऊन जाते. मी तो कधी शाळेत विसरले नाही.

हो ताई, चिठ्ठी मिळाली. "वेळ संपली." ठीक आहे. चहा थोडा निवेल.

पुढे वारं फिरलं. जिकडेतिकडे बोलबाला सुरू झाला की मुलांना विचार करायला शिकवा. बक्षिसं निघाली, पाहुणे यायला लागले. सरांनी विचारतास पुन्हा काढला. मला बोलावलं नाही, पण माझे खेळ बोलावले. फक्त त्यांनी एक सुधारणा केली. प्रश्नांबरोबर उत्तरंही ठरवून दिली! मुलांनी पाठ करायची, रांगेनं उभं राहून म्हणायची. म्हणजे कुणी नको तिथे नको ते विचारणार नाही.

तो प्रात्यक्षिकाचा दिवस तुमच्यापैकी कित्येकांनी पाहिला आहे. पाहुणे आले, पंख्याखाली बसले, कपाळ पुसलं आणि सहज म्हणाले, "इथे नेहमी एवढं उकडतं का?" पहिल्या मुलाला वाटलं, प्रश्न आला. तो ताडकन उठला, "होय सर, माझ्या मते तो मोजा तोच राहतो, कारण त्याची आठवण तीच असते." सरांनी घाईघाईनं मोज्याचा प्रश्न विचारला. दुसरा मुलगा उठला, "नाही सर, माझ्या मते खोटं बोलणं कधीच योग्य नसतं, कारण विश्वासाला तडा जातो." मग सरांनी खोटं बोलण्याबद्दल विचारलं, तर तिसरी म्हणाली, "होय सर, जर ते आपल्या मित्रासाठी असेल तर." आणि शेवटपर्यंत उत्तरं अशीच एकेक घर पुढे सरकत गेली. पाहुणे भारावले. म्हणाले, "मुलं फार खोल विचार करतात, आपल्याला चटकन कळतही नाही!" त्याच वर्षी सरांना पुरस्कार मिळाला.

हसा, हसा. मीही हसले होते. जिन्याखाली हसलं की आवाज घुमतो.

मग आज का बोलते आहे मी? पुरस्कारासाठी नाही. तो त्यांच्या दिवाणखान्यात राहू दे. दोन गोष्टींसाठी बोलते आहे.

पहिली अशी. मागच्या महिन्यात मी चष्म्याच्या दुकानात गेले होते. तिथे शंका भेटली. आता मोठी झाली आहे, नोकरी करते. दुकानदारानं तिला नवा चष्मा दिला आणि समोरची अक्षरं वाचायला सांगितली. ती पहिल्या दोन ओळी वाचून अडखळली. डोळे बारीक केले. मला दिसत होतं की तिला दिसत नाहीये. दुकानदार म्हणाला, "सुरुवातीला असंच वाटतं. होईल सवय." ती म्हणाली, "बरं." आणि चष्मा पिशवीत टाकून निघाली. मी बाहेर तिला गाठलं. म्हटलं, "अगं, तुला दिसत नव्हतं ना? मग विचारलं का नाहीस?" तर माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "जाऊ दे ना बाई. उगीच कशाला."

उगीच कशाला. ती, जिचा हात खाली यायचा नाही, ती असं म्हणाली. मी तिला हाताला धरून दुकानात परत नेलं, काच बदलून घेतली, दुकानदाराला सुनावलं. घरी येऊन स्वयंपाकघरात बसून रडले. सासूबाई भाजी निवडत होत्या, त्यांनी अर्धी जुडी माझ्यापुढे सरकवली.

दुसरी गोष्ट. कार्यक्रमपत्रिकेत शेवटी "महत्त्वाची घोषणा" आहे. ती काय आहे ते शिपायापासून सगळ्यांना ठाऊक आहे. संस्थेच्या सगळ्या शाळांमध्ये विचारतास सुरू होणार आणि निवृत्त झाल्यावर त्याचे प्रमुख आपले सर होणार. म्हणजे तो माइक, ते "ते तुझं तुला कळलं पाहिजे", ती पाठ केलेली उत्तरं आता एका शाळेपुरती राहणार नाहीत. किती मुलांचे हात खाली येतील! मला हे होऊ द्यायचं नाही. आणि हे थांबवताना मला आनंद होणार आहे, तोही लपवत नाही.

म्हणून आता तिसरा खेळ. शिपाईदादा, त्या रिकाम्या दोन खुर्च्या जरा पुढे घ्या. मधे जागा सोडा. हं, छान.

मुलांनो, नियम सांगते. प्रत्येक खुर्ची म्हणजे एक वाक्य. जे वाक्य खरं वाटतं, त्या खुर्चीवर बसायचं आणि कारण सांगायचं. कारण पटलं नाही, तर उठून दुसऱ्या खुर्चीवर जाता येतं, आणि खुर्ची बदलणाऱ्यासाठी सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या, कारण ते अवघड असतं. पण दोन्ही खुर्च्यांवर एकाच वेळी बसता येत नाही.

ही डावीकडची खुर्ची. तिचं वाक्य, "मला या तासाची गंधवार्ता नव्हती." हे सर सभेत म्हणाले, ते ऐकणारे निम्मे लोक आज या सभागृहात आहेत. ही उजवीकडची. तिचं वाक्य मानपत्रातलं, "तास सरांनी सुरू केला." मानपत्रातलं वर्ष त्या सभेचंच आहे बरं का. इतर शाळांच्या आधी आपण, हे दाखवायचं, तर तेच वर्ष लिहावं लागलं.

सर, या. खेळ तुमचाच आहे, मानपत्रात तसं आहे. कुठली खुर्ची?

नाही ताई, माझा माइक बंद करू नका. बंद केला तरी माझा आवाज मागच्या बाकापर्यंत जातो, तेवढी वर्षं मी शिकवलं आहे. सर उजवीकडच्या खुर्चीवर बसले. काही म्हणताहेत. त्यांना माइक द्या.

ऐकलंत सगळ्यांनी? मागे ऐकू आलं नसेल, तर मी सांगते. आणि नियमाप्रमाणे आधी त्यांचंच बोलणं सांगते. सर म्हणाले, "तास माझाच होता. तेव्हाची परिस्थिती वेगळी होती, म्हणून तसं बोलावं लागलं." बरोबर म्हटलं ना, सर?

सरांनी मान हलवली.

मला वाटलंच होतं. डावीकडे बसले असते, तर मानपत्र परत द्यावं लागलं असतं. ते सरांच्यानं झालं नसतं.

तर अध्यक्ष महोदय, सत्कारमूर्तींनी स्वतः, भरल्या सभेत, माइकवर सांगितलं आहे. त्या दुपारी ते तुमच्याशी खोटं बोलले. माहीत असून माझ्यावर ढकललं. माहीत असून एका लहान पोरीला साऱ्या शाळेसमोर माफी मागायला लावली, ज्या खेळासाठी त्यांनी पुढे पुरस्कार घेतला त्याच खेळासाठी. हे मी म्हणत नाही. ते उजवीकडच्या खुर्चीवर बसून म्हणाले.

लोक उद्या म्हणतील, बाईंनी सूड उगवला. हो, उगवला. समोरासमोर, दिवसाढवळ्या, त्यांच्याच तोंडून वदवून घेऊन.

आणि साहेब, तुम्हालाही एक विचारते, कारण तुम्हीही तेव्हा उत्तर दिलं नव्हतं. तुमच्या नातवाला मागे बसायची लाज वाटली नव्हती. मग तुम्हाला का वाटली? आत्ता सांगायला हवं असं नाही. विचार करून सांगितलंत तरी चालेल, तासाची पद्धत तीच आहे.

आता घोषणा करायची असेल, तर अवश्य करा. मुलं ऐकायला बसली आहेत.

साहेब, सचिवांच्या कानात बोलताना समोरचा माइक चालू आहे. "आज नको" असं सगळ्यांना ऐकू आलं. धन्यवाद.

सोमवारी पहिल्या तासाला मी पाचवीच्या वर्गात असेन. बाकं भिंतीला सरकवलेली असतील. परवानगी मागत नाही, कळवते आहे. जिन्याखालच्या खोलीची किल्ली कार्यालयात ठेवली आहे, ज्याला हवी त्यानं घ्यावी.

सर, आपल्याला उत्तम आरोग्य आणि दीर्घायुष्य लाभो, हे मी मनापासून म्हणते. आजचा दिवस आठवायला तुम्हाला भरपूर वर्षं मिळावीत अशी माझी इच्छा आहे. आपण सर्वांनी माझं बोलणं शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल ऋणी आहे. माझ्या बोलण्यात काही राहून गेलं असेल, कुणाचं नाव किंवा मान सुटला असेल, तर उदार मनानं क्षमा करावी. जे राहून गेलं नाही, त्याबद्दल मी क्षमा मागणार नाही.